कास्तिल्योनींचे दिवे: वजन, तार आणि एक भोक

इटालियन डिझायनर आकिले कास्तिल्योनींचा 'आर्को' हा जमिनीवर उभा राहणारा कमानदार दिवा. त्याच्या पायाच्या संगमरवरी ठोकळ्याला आरपार भोक आहे. पाहणाऱ्याला ती शोभा वाटते. खरं तर त्यातून झाडूचा दांडा घालायचा, दोघांनी दोन टोकं धरायची आणि सुमारे 65 किलोचं ते धूड हलवायचं. कडाही उगाच बोथट केलेल्या नाहीत. येताजाता पाय तिथेच आपटतो.

एवढं वजन कशाला? छताला भोक न पाडता टेबलाच्या मधोमध उजेड हवा, शिवाय खुर्च्यांमागून ताटं घेऊन जायला वाट हवी. म्हणून कमान पायापासून सुमारे 2 मीटर पुढे जाते. टोकाच्या, बल्ब झाकणाऱ्या घुमटाचा भार पुढे ओढतो, त्यामुळे पाया हलका केला की दिवा तोंडावर पडलाच. नक्कल घेणाऱ्याने आधी पायाचं वजन विचारावं. कमान म्हणजे यू आकाराच्या स्टीलचे एकमेकांत सरकणारे तीन तुकडे. वायर त्यांच्या पोटातून जाते. घुमटावरची भोकं बल्बची उष्णता सोडायला.

हे काम 1962 चं, थोरले बंधू पिएर जाकोमो यांच्यासोबतचं. त्याच वर्षीच्या 'तोयो'मध्ये मोटारीचा हेडलाइट आहे, आणि त्याला लागणारा ट्रान्सफॉर्मरच तळाचं वजन झालाय. वायर धरायला गळाच्या काठीच्या कड्या! आकिले मिलानचे, जन्म 1918, तिथल्याच पॉलिटेक्निकचे 1944 चे आर्किटेक्ट. इमारतीही केल्या, पण नाव झालं ते वस्तूंमुळे. पिएर जाकोमो 1968 मध्ये गेले.

माझ्या मते 'आर्को'पेक्षा सरस 1971 चा 'पारेन्तेझी'. मूळ कल्पना डिझायनर पिओ मांझूंची: उभ्या दांडीवर सरकणारा, स्क्रूने आवळायचा दिवा. मांझू 1969 मध्ये वारले. पुढे आकिलेंनी दांडीऐवजी पोलादी तार घेतली आणि स्क्रूच काढून टाकला. तार कंसासारख्या वाकवलेल्या नळीतून जाताना वळते, आणि त्या घर्षणावर दिवा सोडाल तिथे थांबतो. वर छताला हूक, खाली रबराने मढवलेलं वजन. तार सैल पडली की नळीतली पकड जाते आणि दिवा घसरतो. म्हणून हूक स्लॅबमध्येच ठोकावा. फॉल्स सीलिंगच्या जिप्सममध्ये तो टिकत नाही. 1979 साली या दिव्याला 'कोंपास्सो दोरो' हे इटलीतलं डिझाइनचं पारितोषिक मिळालं.

आकिलेंना स्वतःला मात्र अभिमान होता तो 1968 च्या, वायरच्या मध्ये बसणाऱ्या एका साध्या स्विचचा. तो कुणी घडवला हे ठाऊक नसताना लोक इलेक्ट्रिकच्या दुकानातून घेऊन जात.