भोक टांकसाळीचं की सोनाराचं?

आज्जी गेल्यावर कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतलं घर आवरायला काढलं, तेव्हा फडताळाच्या तळाशी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा निघाला. आत सुतळीत ओवलेले भोकाचे पैसे, अकरा चांदीच्या रुपयांची माळ, शिवरायांच्या नावाचं तांब्याचं नाणं म्हणजे एक शिवराई आणि मधोमध भोक असलेलं एक मोठं परदेशी नाणं. पैसे मोजले, साठ भरले. आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे तसंच." मी ऐकलं नाही.

पहिली चूक त्याच संध्याकाळी झाली. आठ पैसे सोडवले आणि चिंच-मीठ लावून देवाच्या तांब्यासारखे लख्ख घासले. दुसरी चूक मोबाइलवर व्हायची होती. लाखाची नाणी विकणारा एक व्हिडिओ बघून नंबर फिरवला. पलीकडचा माणूस फारच गोड बोलला आणि मग 'नोंदणीचे' अडीच हजार भरायला सांगितले. धाकट्या भावानं हातातून फोनच काढून घेतला. असल्या व्यवहारात आपलं नाव वापरून शुल्क किंवा कमिशन मागणाऱ्यांपासून सावध राहा, असं रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट 2021 मध्येच सांगून ठेवलं होतं. वाचतंय कोण!

मग माळ घेऊन गुजरीत, सराफांच्या पेठेत गेले. सराफांनी विचारलं, "ताई, मोडायची हाय का नुसतं वजन बघायचंय?" जुना चांदीचा रुपया म्हणजे बरोबर एक तोळा, 11.66 ग्रॅम. त्यात चांदी 91.7 टक्के, म्हणजे 10.69 ग्रॅम. पण प्रत्येक रुपयाला वर कडी डाग देऊन जोडलेली, म्हणून वजनातून घट धरावी लागते. त्यांचा हिशेब चोख होता. फक्त एकाही रुपयावरचं साल त्यांनी बघितलं नाही. राणी व्हिक्टोरिया असो नाहीतर सातवा एडवर्ड, तराजूत सगळे सारखेच.

शेवटी मैत्रिणीच्या सासऱ्यांकडे गेले. राजारामपुरीत राहतात, चाळीस वर्षं नाणी जमवतायत. टेबलावर पांढरा रुमाल अंथरला, भिंग काढलं आणि पहिलाच प्रश्न, "भोक कुणाचं? टांकसाळीचं की सोनाराचं?"

मला वाटलं चेष्टा करतायत. पण सगळी गोम तिथंच होती.

भोकाचा पैसा टांकसाळीतूनच भोकासकट यायचा. दुसऱ्या महायुद्धात तांब्याची चणचण, म्हणून 1943 ते 1947 या काळात हा पैसा काढला. आधीचा पैसा, म्हणजे पाव आणा, जवळजवळ पाच ग्रॅमचा, हा जेमतेम दोन ग्रॅमचा. राजाचा मुखवटा नाही, नुसता मुकुट. डोक्यातून आरपार भोक पाडायचं तरी कसं! काकांनी भिंग माझ्या हातात दिलं. "अक्षरं बघ. भोकाला वळसा घालून बसलीत. कोरणाऱ्याला माहीत होतं मधे काय येणार ते." मग शिवराई ठेवली. 'श्री राजा शिव' मधल्या 'श्री'तूनच भोक गेलेलं, काठाला एका बाजूनं धातू उचललेला. हे कुणीतरी गळ्यात घालायला नंतर पाडलेलं. संग्राहकाच्या लेखी तिथंच नाण्याची किंमत निम्म्याच्याही खाली येते. माळेतल्या रुपयांचं तेच. कडी तोडली तरी डागाची खूण राहते. त्या रुपयांना गुजरीचाच भाव बरा, असं ते स्पष्ट म्हणाले.

परदेशी नाण्यानं मात्र माझी झोप उडवली होती. ईस्ट आफ्रिकेचे दहा सेंट, भोकाभोवती वळलेले हत्तीचे सुळे, साल 1936 आणि नाव आठव्या एडवर्डचं. हा राजा राज्याभिषेक होण्याआधीच, डिसेंबर 1936 मध्ये गादी सोडून गेला. आजोबांचे थोरले भाऊ मराठा पलटणीतून दुसऱ्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेतल्या केरेनच्या लढाईला गेले होते, त्यांनीच ते आणलं असणार. दुर्मिळ राजा म्हणजे दुर्मिळ नाणं, असं माझं गणित. काका हसले. या नाण्यांवर चेहरा लागतच नाही, नाव बदललं की काम झालं. म्हणून वसाहतींतली भोकाची नाणी त्याच्या नावानं भरपूर निघाली, आणि आजही स्वस्तात मिळतात.

"आणि हे आठ कुठं घासलेस?" त्यांनी विचारलं. मी चिंचेचं सांगितलं. त्यांनी ते आठ शब्द न बोलता बाजूला सारले. मला शाळेत छडी खाल्ल्यासारखं झालं. तांब्या-काशाच्या नाण्यावरचा काळपट रंग म्हणजे मळ नव्हे. तो गेला की नाणं गेलं. बाकीचे बहुतेक 1944 आणि 1945 चे, हाताळून गुळगुळीत झालेले. दहा-वीस रुपयांना एक, तेही गिऱ्हाईक भेटलं तर. भोक बाजूला सरकलेलं किंवा पाडायचंच राहून गेलेलं नाणं सापडलं तर गोष्ट वेगळी. तसं एकही निघालं नाही. जाताना त्यांनी बजावलं, पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नकोस, तांबं हिरवं पडतं. कागदी चौकटीत ठेव.

घरी येऊन आईला हिशेब सांगितला. माळ मोडायची नाही, हे तिनं मी बोलायच्या आधीच ठरवलं होतं. मी सहज म्हटलं, आज्जीनं साठच का ओवले असतील? रुपयाचे पैसे तर चौसष्ट.

आईनं झोपाळ्याकडं बोट दाखवलं. आजोबा उद्यमनगरात कारखान्यात होते. झोपाळ्याच्या चार कड्यांचे चार बोल्ट, आणि प्रत्येक नटाखाली वॉशरच्या जागी एकेक भोकाचा पैसा.

"त्या काळात वॉशरला जास्त पैसे पडायचे," आई म्हणाली.

त्यांचं साल कुठलं, ते नट काढल्याशिवाय दिसत नाही. पाना घेऊन उठले तर आई झोपाळ्यावर जाऊन बसली.