वाटी-चमचा, ब्रोकोली आणि आईपणाची लेबलं

इंग्लंडमध्ये बाळ पाच-सहा महिन्यांचं झालं की प्लेग्रुपमधल्या, म्हणजे बाळांना घेऊन एकत्र जमणाऱ्या, आया एकमेकींना एक प्रश्न हमखास विचारतात, "तू चमच्याने भरवणार की बेबी-लेड वीनिंग करणार?" आम्ही राहतो त्या रेडिंगमध्ये चर्चच्या हॉलमध्ये असा ग्रुप भरतो. तिथे या एका प्रश्नावरून मैत्रिणी जुळताना मी पाहिल्या आहेत आणि एकमेकींपासून हळूहळू दूर बसू लागलेल्याही पाहिल्या आहेत.

बेबी-लेड वीनिंग म्हणजे काय, तर बाळाला कोणी भरवायचं नाही. उकडलेल्या ब्रोकोलीचा तुरा, बोटाएवढी मऊ गाजराची फोड किंवा टोस्टची पट्टी समोर ठेवायची. बाळ ती स्वतः उचलेल, चोखेल, फेकेल आणि त्यातून खायला शिकेल. हेल्थ व्हिजिटर, म्हणजे लहान बाळांच्या कुटुंबांना सल्ला देणारी नर्स, म्हणून काम केलेल्या जिल रॅप्ली यांनी इथे ही पद्धत लोकप्रिय केली. २००३ साली इथल्या सरकारने वरचं अन्न चौथ्याऐवजी सहाव्या महिन्याच्या सुमारास सुरू करा, असा सल्ला दिला. सहा महिन्यांचं बाळ बसू लागलेलं असतं, वस्तू पकडून तोंडात घालतं. मग त्याला सगळं वाटून पातळ करून कशाला द्यायचं, हा त्यामागचा विचार मला पटतो.

न पटणारी गोष्ट वेगळीच आहे. चमच्याने भरवणारी आई बाळावर जबरदस्ती करते आणि हातात देणारी आई बाळाचा जीव धोक्यात घालते, असे आरोप दोन्हीकडून इतक्या सहज होतात की ऐकून वाईट वाटतं. माझ्या ओळखीची एक जुळ्यांची आई आहे. एक चमचा, दोन तोंडं, असं तिचं चाललेलं असतं. ती प्लेग्रुपमध्ये डबा उघडायलाच संकोचते. दोन्ही मुलं छान गुटगुटीत आहेत, पण तिला वाटतं, आपलं काहीतरी कमी पडतंय.

न्यूझीलंडमध्ये ओटागो विद्यापीठाने दोनशेच्या वर मातांसोबत याचा रीतसर अभ्यास केला. एका गटाला हातात देऊन खाऊ घालण्याची पद्धत शिकवली, सोबत लोह पुरेसं कसं मिळेल आणि घास अडकू नये म्हणून काय करायचं हेही शिकवलं. दुसऱ्या गटाने नेहमीच्या पद्धतीने खाऊ घातलं. घशात अन्न अडकण्याचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच निघालं. वजनातही म्हणावा तसा फरक नव्हता. एनएचएस ही इथली सरकारी आरोग्यसेवाही हेच सांगते की यात चूक-बरोबर असं काही नाही, बाळाला विविध अन्न आणि पुरेसं पोषण मिळालं पाहिजे. तरी वाद संपत नाही, कारण तो मुळात अन्नाचा नाहीच.

मला वाटतं, तो एकटेपणाचा आहे. इथे बापाला पितृत्वाची रजा सहसा दोन आठवडे मिळते. त्यानंतर घरात आई आणि बाळ, दोघंच. "असं कर, काही होत नाही" असं म्हणणारं माणूस जवळ नसतं. मग एखादं नाव हाताशी धरलं की आधार वाटतो. मी जेंटल पॅरेंटिंग करते (म्हणजे न ओरडता, समजुतीने वाढवणं), मी अटॅचमेंट पॅरेंटिंग करते. हे दुसरं नाव अमेरिकन बालरोगतज्ज्ञ विल्यम सीअर्स यांनी रूढ केलं. बाळाला अंगाशी बांधून फिरवायचं, मागेल तेव्हा पाजायचं, जवळ झोपवायचं. माझ्या आजीने हे पाच मुलांना केलं, पण तिला त्यासाठी कोणत्या गटात जावं लागलं नाही. तिच्याभोवती जावा होत्या, सासू होती, शेजारीण होती. इथल्या आयांना नावं लागतात म्हणून मी त्यांना नावं ठेवणार नाही. आधार हवाच असतो. फक्त त्या आधाराने दुसरीला लाज वाटायला लावू नये.

आणि कोण काय करू शकतं हे पुष्कळदा रजाच ठरवते. ब्रिटनमध्ये प्रसूतीची रजा ५२ आठवड्यांपर्यंत घेता येते, पैसे मात्र ३९ आठवडेच मिळतात. भारतात २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे आहेत, तीही कायद्यात बसणाऱ्या नोकऱ्यांत. म्हणजे पुण्यात माझी वहिनी कामावर परतली, नेमकं तेव्हाच बाळाचं उष्टावण झालं. जमिनीवर सांडलेली ब्रोकोली निवांत बघत अर्धा तास बसायला तिला वेळ कुठून मिळणार? घरी आजीने गुरगुट्या भात तूप घालून भरवला, हेच तिथे योग्य होतं.

आमच्या घरातही दोन मतं होती. नवऱ्याला भीती वाटायची, आणि आई व्हिडिओ कॉलवर म्हणायची, "अगं, घशात अडकेल त्याच्या! मऊ भात कालव, वरण घाल, भरव." तिला मी एक गोष्ट दाखवून दिली. बाळ ओकारी आल्यासारखं करतं, तोंड लाल होतं, खोकतं, आवाज येतो, तेव्हा ते घास स्वतःच पुढे ढकलत असतं. खरं गुदमरलेलं बाळ बहुधा आवाजच करू शकत नाही. हे आई-बाबा-आजी सगळ्यांना माहीत हवं, मग पद्धत कुठलीही असो.

काही गोष्टींत मात्र मतांना जागा नाही. वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही, कारण त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बाळाला बोट्युलिझम ही गंभीर विषबाधा होऊ शकते. मीठ दिवसाला १ ग्रॅमच्या आत. द्राक्षं उभी चिरूनच.

शेंगदाण्याची गोष्ट तर फारच बोलकी आहे. १९९८ मध्ये इथे ॲलर्जीचा इतिहास असलेल्या घरांना सांगितलं गेलं की तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नका. २००९ मध्ये तो सल्ला मागे घेतला. २०१५ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या अभ्यासात दिसलं की ॲलर्जीचा धोका असलेल्या बाळांना लवकर शेंगदाणा दिला तर ॲलर्जी खूपच कमी होते. आज सल्ला आहे की सहा महिन्यांच्या सुमारास बारीक कूट करून द्या, अख्खा दाणा पाच वर्षांपर्यंत नको. घरात ॲलर्जी किंवा बाळाला एक्झिमा (त्वचा कोरडी पडून खाजण्याचा विकार) असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. तज्ज्ञही असे बदलतात, तर प्लेग्रुपमधल्या आईने कशाला इतकं ठाम असावं?

लेकीच्या किंवा सुनेच्या मदतीला इकडे येणाऱ्या आज्यांनो, नाचणीचं सत्त्व बिनसाखरेचं आणा. तूप मात्र आणू नका, भारतातून दुग्धजन्य पदार्थ आणायला बंदी आहे, आणि ते इथल्या देशी दुकानांत मिळतं. आल्यावर एकदा तिच्यासोबत हेल्थ व्हिजिटरकडे जा. मनात असतील ते प्रश्न तिथेच विचारा, मराठीत विचारलेत तरी चालेल, लेक किंवा सून भाषांतर करून सांगेल.