हळदीचे दोन लाल

मागच्या खेपेला, आम्ल-अल्कली ओळखायच्या हळदीच्या कागदी पट्ट्या फिक्या पडतात म्हणून रडगाणं गायलं होतं. चूक माझीच निघाली. हळदीत बुडवलेला टिपकागद मी गच्चीवर वाळत घालत होते. हळदीचा डाग उन्हात घातला की उडतो, हे लहानपणापासून ऐकलेलं. ऐन वेळी आठवेल तर शप्पथ! हळदीतलं कर्क्युमिन, म्हणजे तिचा पिवळा रंग, उजेडात मोडतं. आता चमचाभर हळद ५० मिली स्पिरिटमध्ये ढवळते (पाण्यात ते जवळजवळ विरघळतच नाही), गाळते, कागद बुडवून कपाटात वाळवते. पंधरा दिवस झाले, रंग जागेवर आहे. स्पिरिट काढलं की गॅस बंद, हे सांगायला नकोच.

रविवारी सोसायटीतली सातवीची पोरं जमली. धुण्याचा सोडा, चुन्याची निवळी लावली की पट्टी लाल, लिंबू पिळलं की परत पिवळी. हे त्यांना पुस्तकातूनच पाठ. मी आवरायला घेतलं, तेवढ्यात एकीनं विचारलं, "मावशी, आजी म्हणते पूर्वी कुंकू हळद आणि लिंबाचंच करायचे. मग ते पिवळं का नाही व्हायचं?"

मी गप्प. शेवटी तिच्या आजीलाच फोन लावला. "अगं, टाकणखार घालायचे की त्यात!"

टाकणखार म्हणजे बोरॅक्स, बोरॉन या मूलद्रव्याचा क्षार. घरात तो नव्हता, पण शेजारच्या काकांकडे कॅरमची पावडर होती, डबीवर 'बोरिक' छापलेली. त्यातही बोरॉन आहेच. चिमूटभर पावडर लिंबाच्या रसात कालवून पट्टीवर लावली. काहीच होईना. पोरं कंटाळून खाली खेळायला गेली. वाळल्यावर बघते तर विटकरी लाल! वर पुन्हा लिंबू पिळलं, तरी ढिम्म. निवळीचा थेंब टाकला, तर डाग काळपट झाला.

म्हणजे हे दोन लाल वेगळे. चुन्यानं कर्क्युमिनचे हायड्रोजन तेवढे निघतात, आम्ल मिळालं की ते परत येतात. बोरॉन मात्र कर्क्युमिनशीच जोडला जातो आणि नवं संयुग तयार होतं. बोरॉन ओळखायची हळदीच्या कागदाची जुनी चाचणी ती हीच, आमच्या हाती कुंकवाच्या वाटेनं आली.

बोरिक पावडर पोटात जाऊ द्यायची नाही, म्हणून ती मीच हाताळते. नंतर हात आणि वाट्या धुवायच्या, त्या वाट्या पुन्हा स्वयंपाकात नाहीत.

पुढच्या रविवारी तुळशीबागेतून तीन-चार प्रकारचं कुंकू आणून निवळीत टाकून बघणार आहोत. बहुतेक सगळे कृत्रिम रंगच निघतील, असा माझा होरा आहे. त्या मुलीनं दोन्ही पट्ट्या इतिहासाच्या वहीत चिकटवल्यात. काकांनी डबी परत मागितली आहे.