लुलवर्थ ते व्हाइट नोथ: फोटोत न दिसणारे चढ

"समुद्रकाठचा सोपा वॉक आहे रे, लहान मुलंही करतात," असं सांगणाऱ्या मित्राला मी अजून फोन केलेला नाही. करीन, गुडघ्यांची सूज उतरली की.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डॉर्सेटमध्ये, लुलवर्थ कोव्ह या छोट्या गोल खाडीपासून पश्चिमेला व्हाइट नोथ या कड्यापर्यंत आम्ही दोघं जाऊन आलो.

लुलवर्थला सगळे थेट कोव्हकडे पळतात. तुम्ही आधी शेजारच्या स्टेअर होलला जा. समुद्राच्या बाजूला चुनखडीची टणक भिंत, तिला भोकं पडलेली, आणि मागे मऊ वाळू-चिकणमाती घसरत चाललेली. भिंत फोडायला लाटांना युगं लागतात; एकदा आत शिरल्या की मागची माती भराभर जाते. कोव्ह म्हणजे हेच काम पुढे गेलेलं. गोल पोखरत समुद्र मागच्या खडूच्या, म्हणजे पांढऱ्या दगडाच्या, डोंगरापाशी येऊन अडलाय. दोन्ही लागोपाठ बघितलं की कुणी समजावून सांगायला लागत नाही.

पुढची डर्डल डोअर ही समुद्रातली कमानही चुनखडीचीच. तिथवर चढ आहे, पण वाट चांगली बांधलेली आणि गर्दी जत्रेची. इथपर्यंत मित्र खरं बोलत होता.

पुढे स्वायर हेड ही कड्यावरची टेकडी. सह्याद्रीत चढ आला तर बसाल्ट बुटाला धरतो, कुठेतरी खोबण मिळते. इथे वाट नाकासमोर, गवताच्या उभ्या छपरावर. रात्री पाऊस झालेला, आणि ओला खडू म्हणजे साबण. उतरताना मी दोनदा खाली बसलो, एकदा मुद्दाम. मागून बायको म्हणाली, "राजगड केलायस ना रे तू?"

बॅट्स हेडला पुन्हा तेच. मधल्या दऱ्यांत ओढा नाही, कारण खडूत पाणी मुरतं. हिमयुगात जमीन गोठली तेव्हा ते मुरेना, वरून वाहिलं आणि दऱ्या कापून गेलं. नंतर समुद्राने कडा मागे रेटत त्यांची तोंडं छाटली. वाट कड्याच्या काठाने जाते, म्हणून प्रत्येक दरी उतरून पुन्हा चढायची. हे मला घरी आल्यावर कळलं.

काठ्या न्याच. डर्डल डोअरनंतर पाणी, चहा, संडास काही नाही. कड्याखाली डबा उघडून बसू नका, खडू न सांगता कोसळतो. गाडीही नेऊ नका. पार्किंगला मोजले तेवढ्यात आमचं दोघांचं जेवण झालं असतं. वूलपर्यंत ट्रेन, पुढे बस, फक्त बसच्या वेळा आधी बघा.

आणि परत कड्यावरून येऊ नका. व्हाइट नोथहून आतल्या बाजूने, कुरणांमधून एक वाट परत येते, चढउतार फारच कमी. आम्हाला ती नकाशात दिसली तेव्हा सगळे चढ दुसऱ्यांदा चढून आम्ही गाडीत बूट काढत होतो.