हायड्रॉलिक हँडब्रेक : पुशरॉडचा एक मिलिमीटर

लिव्हर, मास्टर सिलिंडर (ब्रेक ऑईलवर दाब देणारा सिलिंडर) आणि पाइपांची जोडणी पूर्ण झाली असून ड्रिफ्ट कारचा, म्हणजे मागची चाके मुद्दाम घसरवत वळवायच्या गाडीचा, हँडब्रेक या आठवड्यात प्रथमच मनासारखा चालू लागला आहे. पेडलच्या मास्टर सिलिंडरमधून मागच्या चाकांकडे जाणारे ब्रेक ऑईल आता आधी हँडब्रेकच्या सिलिंडरमधून जाते आणि मग चाकाजवळ पॅड दाबणाऱ्या कॅलिपरपर्यंत पोहोचते. या गाडीत पुढच्या आणि मागच्या ब्रेकची सर्किटे स्वतंत्र असल्यामुळेच हे सरळ जमले. तिरकी सर्किटे (एक पुढचे चाक आणि विरुद्ध बाजूचे मागचे चाक एकाच सर्किटवर) असलेल्या गाडीत मागच्या ब्रेकची लाइन नव्याने टाकावी लागते.

सुरुवातीला ३/४ इंची बोअरचा (आतल्या व्यासाचा) सिलिंडर बसवला होता, पण चाके लॉक करायला हाताचा फारच जोर लागत असे. आता ५/८ इंची आहे. पिस्टनचे क्षेत्रफळ कमी झाल्याने तेवढ्याच जोरात सुमारे ४४ टक्के जास्त दाब मिळतो. लिव्हर मात्र त्याच प्रमाणात अधिक ओढावा लागतो, आणि मला तो सौदा मान्य आहे.

खरा वेळ गेला तो मागची चाके जाम होण्यात. सरावाच्या काही फेऱ्यांनंतर पॅड तापल्याचा वास येऊ लागला आणि गाडी जॅकवर घेतली तेव्हा डावे चाक दोन्ही हातांनीही फिरेना. कॅलिपर अडकला असावा असे आधी वाटले. मात्र खोलण्यापूर्वी हँडब्रेक सिलिंडरच्या इनलेटचा नट किंचित सैल करून पाहिला, तर चाक तसेच घट्ट राहिले. आउटलेटचा नट पाव फेरा सैल करताच ऑईलचे चार थेंब आले आणि चाक सुटले. दाब सिलिंडरच्या पुढेच कोंडला होता. पुशरॉड, म्हणजे लिव्हरचा जोर पिस्टनवर देणारा दांडा, मी अजिबात मोकळीक न ठेवता लावला होता, त्यामुळे पिस्टन पूर्ण मागे येत नव्हता, परतीचे छिद्र झाकलेले राहत होते आणि तापून प्रसरण पावलेल्या ऑईलला रिझर्व्हॉयरकडे जायला वाटच उरत नव्हती.

लॉकनट सैल करून पुशरॉड थोडा आखूड केला. लिव्हर पूर्ण सोडलेला असताना पुशरॉड बोटांनी धरून हलवला, तर पिस्टनला टेकण्यापूर्वी तो साधारण एक मिलिमीटर सरकतो. एवढी मोकळीक जाणवल्यावरच लॉकनट आवळावा, ही माझी कळकळीची सूचना आहे.

नट उघडल्यामुळे ब्लीडिंग (ऑईलमधली हवा काढणे) पुन्हा करावे लागले. सिलिंडर आडवा असताना पुढच्या टोकाशी हवेचा बुडबुडा राहत होता, म्हणून दोन्ही बोल्ट काढून आउटलेट वर येईल असा तो तिरका धरला आणि लिव्हर अगदी सावकाश ओढला. रंगावर सांडलेले डॉट ४ ब्रेक ऑईल लगेच पाण्याने धुवावे, ते रंग खाते. पार्किंगसाठी मूळची केबल तशीच ठेवली आहे, कारण हायड्रॉलिक दाबावर गाडी तासन्‌तास उभी ठेवणे मला सुरक्षित वाटत नाही.

त्यानंतरच्या सलग वीस फेऱ्यांनंतर दोन्ही चाके जॅकवर एका हाताने फिरली.