पासिंगच्या आदल्या दिवशी
आमच्या टुरिस्ट परवान्याच्या गाडीला 8 वर्षे पूर्ण झाल्यामुळे आता 2 वर्षांऐवजी दरवर्षी योग्यता प्रमाणपत्राचे नूतनीकरण, म्हणजे रोजच्या भाषेत पासिंग, करून घ्यावे लागते आणि आजचा अख्खा दिवस त्याच तयारीत गेला. सकाळी टायरच्या खाचांची खोली मोजली. नियमाप्रमाणे ती किमान 1.6 मिलिमीटर असावी लागते, पण मागचा डावा टायर आतल्या कडेला इतका झिजला होता की बाहेरून पाहणाऱ्याला ते कळलेच नसते. तो बदलला. हँडब्रेक आवळून घेतला, वायपरचे रबर नवे घातले. खरा वेळ खाल्ला तो हेडलाइटने: उजव्या दिव्याचा झोत वर चढून समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर जात होता आणि गाडी भिंतीसमोर उभी करून, स्क्रू फिरवत मेकॅनिकने तो खाली आणेपर्यंत अंधार पडला (अर्थात, झोत पाहायला अंधार हवाच होता). विमा, पीयूसी आणि कराची पावती फाइलला लावताना प्रथमोपचार पेटीतल्या मलमाची मुदत गेल्याच वर्षी संपल्याचे दिसले. वर्षभर प्रवासी नेले, पेटी मात्र एकदाही उघडून पाहिली नव्हती, याची लाज वाटली. उद्या सकाळी 10 ची वेळ मिळाली आहे.