कौलारू घरातला उजेड आणि पंख्याचा आवाज

कॅमेरा हातात धरून हलवला की सिनेमा वास्तववादी झाला, असा समज हल्ली फार बोकाळलाय. त्याने फक्त बघणाऱ्याचं डोकं दुखतं. ३५ किंवा ५० मिमीची लेन्स, डोळ्यांच्या उंचीवर स्टँड आणि कट मारायची घाई नाही, एवढ्यावर बरंच भागतं.

घाम निघतो तो उजेडात. गोव्यात डिचोली-सत्तरीकडची जुनी घरं आत काळोखी, बाहेर मात्र लख्ख ऊन. चेहऱ्याला एक्स्पोजर (कॅमेऱ्यात घ्यायचा उजेड) द्यावं तर खिडकी पांढरीफटक, खिडकीला द्यावं तर माणूस काळाठिक्कर. लगेच दिवे मागवू नका. माणसाला खिडकीशी तिरकं बसवा आणि चेहऱ्याच्या अंधाऱ्या बाजूला, फ्रेमच्या जरा बाहेर, पांढरं सुती कापड ताणा. सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’त (१९५६) कॅमेरामन सुब्रत मित्रांनी बनारसच्या चौकातला उजेड असाच कापडावरून परतवून चक्क सेटवर उभा केला होता.

रात्रीच्या सीनला घरातली ट्यूबलाइट ठेवायची तर सेकंदाला २५ फ्रेम्स आणि शटर १/५० सेकंद. आपली वीज ५० हर्ट्झची, शटर तिच्याशी जुळलं पाहिजे. २४ फ्रेम्सवर १/४८ लावलं तर पडद्यावर ट्यूब लपलपू शकते. २४च हवे असतील तर शटर अँगल १७२.८ अंश, म्हणजे तेच १/५०.

आवाजासाठी पंखा बंद, फ्रिज बंद. गाडीची चावी फ्रिजमध्येच ठेवा, म्हणजे तो परत चालू करायचं विसरणार नाही. निघण्यापूर्वी सगळ्यांना गप्प करून त्या खोलीचा मिनिटभर नुसता आवाज घ्या. एडिटला सांधे त्यानेच बुजतात. पोदेराचा (सायकलवरून पाव विकणाऱ्याचा) भोंगा नेमका संवादावर आला तरच टेक परत घ्या. भोंगा वेगळा रेकॉर्ड करून नंतर हवा तिथे घालता येतो. (थेट आवाजाचं सोवळंही फार नको. ‘बायसिकल थीव्ह्ज’ या इटालियन सिनेमाचा, १९४८, नायक खराखुरा कारखाना-कामगार, पण संवाद नंतर डब केलेले.)

नवख्या माणसाला संवाद पाठ करायला लावलात की तो शाळेतली कविता म्हणतो. प्रसंग सांगा, हातात काम द्या. बांगडे साफ करणारी बाई कॅमेरा लवकर विसरते. फक्त प्रत्येक टेकला नवे बांगडे लागतात, तेव्हा जास्तीचे बर्फात ठेवा. ब्रिटिश दिग्दर्शक केन लोच गोष्टीच्या क्रमाने शूट करत आणि पुढचं पान नटाला आधी देत नसत. पद्धत उत्तम, पण त्याच घरात पुन्हापुन्हा यावं लागतं, म्हणून घरमालकाशी सगळ्या तारखा आधीच ठरवा.

आणि ती बांगडेवाली बाई मासळीवालीशी कोंकणीतच बोलेल, भले घरात पेपर मराठी येत असो. तिच्या तोंडी पुणेरी वाक्यं घालू नका.